हाताची घडी सोडा, मग फिजिक्स हातात येतं

"हाताची घडी, तोंडावर बोट" ऐकतच आपण सगळे शाळा शिकलो. वर्ग चिडीचूप बसला की सर भारी शिकवायलेत असं आपल्याकडं अजूनही धरतात. फिजिक्सपुरतं बोलायचं तर ही सवय पोरांचं लई नुकसान करते, कारण या विषयातलं बरंचसं समजणं हातातून आणि अंगातूनच येतं. मी वर्गात हे रोज बघतो, पण माझं राहू द्या, यावर जगभर गेली तीस-चाळीस वर्षं पद्धतशीर अभ्यास चाललाय. तो सोप्या भाषेत सांगतो, आणि आपल्या मराठवाड्यातल्या पोरांना त्याचा उपयोग कसा करून घ्यायचा तेही.

दहावीपर्यंत मराठी मीडियममधे शिकलेलं पोरगं अकरावी सायन्सला लातूरला नाहीतर नांदेडला येतं. बल, संवेग, विस्थापन हे शब्द मागं राहतात आणि एकदम फोर्स, मोमेंटम, डिस्प्लेसमेंट चालू होतं, वर टॉर्क (फिरवणारा जोर), अँग्युलर व्हेलॉसिटी (गोल फिरायचा वेग) असलं पार नवीनच काहीतरी. अशा पोराला विचारा की हापशाचा दांडा टोकाला धरून दाबला तर सोपं का जातं. तोंडानं ते अडखळतं, "फोर्स जास्त... नाही सर, कमी लागतो... ते लांब आहे म्हणून..." आणि गप्प बसतं. पण त्याच वेळी त्याचे हात बघा. डाव्या हाताची मूठ एका जागी घट्ट, म्हणजे हापशाचा खिळा, उजवा हात लांब जाऊन आरामात खाली येतो, मग खिळ्याजवळ येऊन दाबतो तेव्हा मनगट ताठ होतं, खांदा वर येतो, दात आवळले जातात. त्या पोरानं टॉर्क सांगितला की! बल पण सांगितलं, अंतर पण सांगितलं, एक वाढलं की दुसरं कमी लागतं हे पण सांगितलं. आपण फक्त तोंडाकडं बघत होतो म्हणून वाटलं की याला काही येत नाही.

शिकागो विद्यापीठातल्या सुझन गोल्डिन-मेडो यांनी सगळी कारकीर्द याच गोष्टीवर घातली. १९८६ साली ब्रेकिन्रिज चर्च यांच्यासोबत त्यांनी लहान मुलांवरचा एक अभ्यास छापला. एका ग्लासातलं पाणी वेगळ्या आकाराच्या भांड्यात ओतायचं आणि विचारायचं, पाणी तेवढंच आहे का? मूल म्हणतं नाही, कारण हे भांडं उंच आहे. पण तेच मूल बोलताना हातानं भांड्याची रुंदी दाखवत असतं. म्हणजे तोंड उंचीबद्दल बोलतंय आणि हात रुंदीबद्दल. ज्या मुलांचं तोंड आणि हात असं वेगवेगळं बोलत होतं, ती मुलं पुढं शिकवल्यावर जास्त फायदा घेतात असं त्यांना दिसलं. थोडक्यात, हातात आलंय पण अजून तोंडात यायचंय अशी एक मधली पायरी असते आणि त्या पायरीवर उभं असलेलं पोरगं शिकायला अगदी तयार असतं. कॅनडातले वुल्फ-मायकेल रॉथ यांनी फिजिक्सचे प्रयोग करणाऱ्या शाळकरी पोरांचं व्हिडिओ शूटिंग करून हेच बघितलं. आधी पोरं वस्तूकडं हात करून, हात हलवून समजावतात, शब्द नंतर येतात, आणि योग्य शब्द जमायला लागले की हातवारे हळूहळू कमी होतात.

म्हणून माझं म्हणणं असंय की ज्या पोरांना अकरावीत भाषाच बदलून मिळते त्यांना तर हाताची गरज जास्तच आहे. शब्द नवा असतो, कल्पना जुनी असते, आणि मधे जोडायला हात असतो.

आता असं होतं कशामुळं ते बघू. आपण एखादी गोष्ट सोडवताना डोक्यात जी तात्पुरती जागा वापरतो ती फार छोटी असते, पाटीसारखी, चार गोष्टी लिहिल्या की भरली. फिजिक्सच्या एका गणितात तर दिशा, वेग, बल, कोण कुणावर जोर लावतंय हे सगळं एकाच वेळी धरून ठेवावं लागतं. हातानं दिशा धरून ठेवली तर पाटीवरची तेवढी जागा मोकळी होते. गोल्डिन-मेडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मधे हे तपासलं. लोकांना काही गोष्टींची यादी पाठ करायला दिली आणि ती लक्षात ठेवता ठेवता एक गणित समजावून सांगायला लावलं. ज्यांना हात हलवायची मोकळीक होती त्यांना यादी जास्त आठवली. मुलांमधेही आणि मोठ्यांमधेही. आणि हातवारे फक्त समोरच्याला दाखवायला असतात असं कुणाला वाटत असेल तर गोल्डिन-मेडो यांनीच जाना आयव्हरसन यांच्यासोबत १९९८ मधे दाखवलं होतं की जन्मापासून दृष्टी नसलेली माणसंही बोलताना हात हलवतात, समोरचा ऐकणारा पण दृष्टिहीन आहे हे माहीत असताना सुद्धा. म्हणजे हात हलतो तो स्वतःच्या विचारासाठी पण हलतो.

हात हलवणं ही एक गोष्ट झाली, अंगावर जोर जाणवणं ही दुसरी, आणि फिजिक्समधे ती अजून महत्त्वाची. २०१५ मधे कार्ली कॉन्ट्रा, सियान बायलॉक आणि त्यांच्या टीमनं कॉलेजच्या पोरांवर एक प्रयोग केला. एका दांड्यावर बसवलेली सायकलची चाकं जोरात फिरवायची आणि दांडा दोन्ही हातांनी धरून तिरपा करायचा. असं केलं की दांडा आपण ढकलतो तिकडं न जाता आडवाच पळतो, हात अक्षरशः ओढला जातो. एकानं दांडा धरायचा, दुसऱ्यानं फक्त बघायचं. नंतर टॉर्क आणि अँग्युलर मोमेंटमवर (गोल फिरण्याच्या संवेगावर) परीक्षा घेतली तर धरणाऱ्यांना बघणाऱ्यांपेक्षा चांगलं जमलं. ब्रेन स्कॅनमधे असं दिसलं की नंतर नुसते प्रश्न सोडवताना पण धरणाऱ्यांच्या मेंदूतले हालचालीशी संबंधित भाग जास्त जागे होत होते. आपल्याला हे करायला काय लागतं? पंक्चरच्या दुकानातलं एक जुनं चाक आणि ॲक्सलला दोन्हीकडून धरायला दोन पाईपचे तुकडे. व्हिडिओ लावून दाखवायचा तेवढ्याच वेळात अख्ख्या वर्गाच्या हातातून चाक फिरून येतं.

पण एक मोठी गोम आहे आणि ती न सांगता पुढं जाणं बरोबर होणार नाही. अंगाला जे जाणवतं ते प्रत्येक वेळी फिजिक्सच्या भाषेत बरोबर असतंच असं नाही.

आपल्याकडचंच घ्या. उन्हाळ्यात कित्येक गावांत पोरी शाळेच्या आधी पाणी आणतात. आणि पुस्तकात त्यांना वाचायला मिळतं की डोक्यावर घागर घेऊन सपाट रस्त्यानं चाललं तर घागरीवर लावलेल्या बलानं केलेलं कार्य शून्य. रोज मान दुखेपर्यंत पाणी वाहणाऱ्या पोरीला हे वाक्य कसं वाटत असेल? तिचं अंग सांगतंय काम झालं, पुस्तक म्हणतंय शून्य, आणि सर म्हणतात परीक्षेत शून्य लिही. मग ती ठरवते की फिजिक्स म्हणजे खोटं काहीतरी, पाठ करायचं आणि सोडून द्यायचं. इथं थांबून सांगायलाच पाहिजे. घागरीला आपण जोर लावतो वरच्या दिशेनं आणि घागर जाते आडवी, म्हणून त्या जोरानं घागरीला ऊर्जा मिळाली नाही, कार्य शून्य म्हणजे एवढंच. पण स्नायू काही खांबासारखा नसतो. जोर टिकवून धरायला त्याच्या आतले बारीक धागे सारखे पकडतात-सोडतात, त्यात खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. दमणं खरं आहे. ती ऊर्जा घागरीत गेली नाही, अंगातच जळाली. हे असं सांगितलं की तिचा अनुभव पण राहतो आणि व्याख्या पण राहते.

दुसरं उदाहरण गोफणीचं. ज्वारी कणसात आली की पाखरं हाकलायला गोफण चालवणारी पोरं अजून पण आहेत. दगड डोक्याभोवती गरगर फिरतो, दोरीचं एक टोक सुटतं, दगड कुठं जातो? चालवणाऱ्या हाताला हे पक्कं माहीत असतं, कारण सोडायची वेळ जरा चुकली तर दगड भलतीकडंच जातो. पण त्याच पोराला कागदावर वर्तुळ काढून विचारा की या बिंदूला सोडला तर रस्ता कसा, तर बरेच जण थोडा वळलेला रस्ता काढतात, जणू दगडाला गोल फिरायची सवय लागलीय. अमेरिकेत मायकेल मॅक्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी १९८० मधे हेच कॉलेजच्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, गोल वळवलेल्या नळीतून गोळी बाहेर आली तर पुढं कशी जाईल, आणि तिथं पण कितीतरी जणांनी वळणारा रस्ताच काढला. खरं उत्तर सरळ रेषा, सोडल्या क्षणी वेग ज्या दिशेला होता त्याच दिशेनं, म्हणजे स्पर्शिकेनं. (गुरुत्वामुळं तो खाली येतो ते वेगळं, वरून बघितलं तर रेष सरळच.) हाताला येतं ते कागदावर येत नाही, कारण दोन्हीची गाठ कुणी घालूनच दिली नाही. म्हणून मी आधी कागदावर अंदाज काढायला लावतो, मग मोकळ्या पटांगणात कापडाचा मऊ चेंडू दोरीला बांधून फिरवून सोडायचा, एकानं बाजूला उभं राहून सुटायच्या क्षणी हात ताणून दिशा धरायची, आणि परत येऊन स्वतःचाच कागद बघायचा. अंदाज, अंग, कागद हा क्रम मोडला की नुसता खेळ होतो आणि पोरं खूश होऊन काही न शिकता घरी जातात.

ग्राफचं पण असंच. आलेखाला बरीच पोरं चित्र समजतात. रेष वर चढली म्हणजे माणूस टेकडी चढला, रेष आडवी झाली म्हणजे माणूस सपाट रस्त्यानं चालला. अंतर-वेळ आलेखात आडवी रेष म्हणजे माणूस उभा आहे हे शंभरदा सांगून डोक्यात जात नाही. पण फरशीवर खडूनं एक सरळ रेघ मारा, एक टोक शून्य धरा, फळ्यावर एक आलेख काढा आणि एकाला म्हणा, हा आलेख चालून दाखव. बाकीचे टाळ्यांनी सेकंद मोजतील. आडवी रेष आली तरी पोरगं चालतच राहतं आणि अख्खा वर्ग ओरडतो "थांब, थांब!" तेवढ्यात समजलं. रेष तिरपी तर चाल, जास्त तिरपी तर पटपट चाल, खाली येणारी असली तर मागं ये. मग वेग-वेळ आलेख द्या, तिथं आडवी रेष म्हणजे एकसारखं चालत राहणं, आणि आता खरी मजा येते कारण तेच चित्र पण पायांनी वेगळं काहीतरी करायचंय. अमेरिकेत सेन्सरसमोर चालायचं आणि कॉम्प्युटरवर त्याच क्षणी आलेख उमटायचा अशी सोय ऐंशीच्या दशकात आली. हेदर ब्रासेल यांनी १९८७ मधे दाखवलं की आलेख चालता चालताच दिसला तर फायदा होतो, तोच काही सेकंदांनी उशिरा दिसला तर तो फायदा बराचसा जातो. म्हणजे पाय आणि डोळे एकाच वेळी जुळायला पाहिजेत.

ज्यांच्याकडं स्मार्टफोन आहे त्यांनी फायफॉक्स नावाचं ॲप जरूर घ्यावं, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं बनवलंय, फुकट आहे. फोन टेबलावर नुसता ठेवला तरी ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर) ९.८ च्या आसपास दाखवतो आणि हातातून उशीवर सोडला तर पडता पडता आकडा शून्याजवळ येतो. यावर एक तास सहज वाद चालतो. चालू द्यावा.

वर फेकलेल्या चेंडूसाठी मी दोन हात वापरायला लावतो. उजवा हात वेग, डावा हात त्वरण, म्हणजे वेग कुठल्या दिशेनं बदलतोय ते. चेंडू वर जाताना उजवा हात वर, हळूहळू आखडत जातो, टोकाला मूठ बंद म्हणजे वेग शून्य, मग खाली. डावा हात पूर्ण वेळ खालीच, एकदा पण हलवायचा नाही. टोकावर आल्यावर पोरांचा डावा हात आपोआप मिटायला बघतो आणि त्यांना स्वतःलाच ते दिसतं. "टोकावर त्वरण किती" हा प्रश्न पाठ करून जेवढा सुटत नाही तेवढा यातून सुटतो.

फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम दहावीत आहेच, तर्जनी चुंबकीय क्षेत्र, मधलं बोट विद्युतधारा, अंगठा बल. हा तर अधिकृत हातवारा. फक्त दोन गोष्टी सांभाळा. उजव्या हाताचे जे नियम आहेत तिथं पेन उजव्या हातात असतो, म्हणून पोरं नकळत डावा हात लावतात आणि दिशा बरोबर उलटी येते. आणि सरांनी वर्गाकडं तोंड करून हात दाखवला की समोरून बघणाऱ्याला डावं-उजवं कळत नाही, तेव्हा फळ्याकडं तोंड करून, पोरांच्याच दिशेनं उभं राहून दाखवावं.

ऊर्जेसाठी एक वेगळाच प्रकार आहे. सिॲटलच्या रेचल शेर आणि त्यांच्या गटानं एनर्जी थिएटर नावाची पद्धत काढली. प्रत्येक विद्यार्थी म्हणजे ऊर्जेचा एक तुकडा. जमिनीवर दोरीची गोल कडी, प्रत्येक कडं म्हणजे एक वस्तू. ऊर्जा एका वस्तूतून दुसरीत गेली की माणूस कड्यातून कड्यात जातो, प्रकार बदलला की हाताची खूण बदलतो. आपण विहिरीवरची मोटर घेऊ. एक कडं तारेचं, एक मोटरचं, एक पाण्याचं, एक आजूबाजूच्या हवेचं. विजेची खूण करून दहा पोरं तारेतून मोटरमधे आली, आता पुढं कोण कुठं जाणार? काही जण पाण्याच्या कड्यात जातात आणि उंचीची खूण करतात, काही जण उष्णता होऊन हवेत. सगळे पाण्यात का नाही गेले? मोटर गरम होते ना सर. बरं, मग दहापैकी कुणी गायब झालं का? ऊर्जा अक्षय्यतेचा नियम म्हणजे एवढंच, कुणाला घरी जायची परवानगी नाही. शेतकऱ्याच्या पोरांना तर मोटरबद्दल सरांपेक्षा जास्त माहीत असतं, त्यामुळं या तासाला एरवी मागच्या बाकावर बसणारे पुढं येतात.

लाटांचं शिकवताना मी किल्लारीबद्दल बोलतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला झालेला तो भूकंप. जवळपास दहा हजार माणसं गेली, आणि लातूर-धाराशिवच्या कितीतरी घरांत त्याची आठवण अजून ताजी आहे. आताच्या पोरांनी तो बघितला नाही, पण आजी-आजोबांकडून ऐकलेला असतो. जमिनीतून काय गेलं ते अंगानं समजून घेता येतं. पोरं एकामागं एक उभी करायची, पुढच्याच्या खांद्यावर हात. शेवटच्यानं हलकेच पुढं दाबायचं. धक्का पुढं सरकत जातो, माणूस मात्र आपल्या जागीच परत येतो. ही प्राथमिक लाट, पी लाट, दाबत-सोडत जाणारी. मग पोरं शेजारी-शेजारी, दंडात दंड अडकवून. पहिल्यानं कमरेतून पुढं वाकायचं आणि परत सरळ व्हायचं, त्यामुळं शेजारचा ओढला जातो, मग त्याच्या शेजारचा. ही एस लाट, लाट जाते आडवी आणि अंग हलतं पुढं-मागं. आता दंड सोडा, नुसतं जवळ-जवळ उभं राहा, म्हणजे द्रव झालं. पहिला वाकला तर दुसऱ्याला काहीच होत नाही. एस लाट द्रवातून का जात नाही, पृथ्वीचा बाहेरचा गाभा द्रव आहे हे शास्त्रज्ञांना कसं कळलं, याचं उत्तर त्या सुटलेल्या दंडात आहे. खडकात पी लाट ढोबळमानानं सेकंदाला सहा किलोमीटर जाते आणि एस साडेतीन, म्हणून १०० किलोमीटरवर दोन्हीत साधारण १२ सेकंदांचा फरक पडतो. हे गणित फळ्यावर करण्याआधी दोन रांगा एकाच वेळी सोडून बघायच्या. पी ची रांग आधी संपते, आणि मग "फरकावरून भूकंप किती लांब झाला ते काढता येईल का" हा प्रश्न कुणीतरी स्वतःहून विचारतंच.

हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लाटा पकडणारी वेधशाळा, उभी राहायलीय, एप्रिल २०२३ मधे केंद्रानं २६०० कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एकमेकींना काटकोनात. गुरुत्वीय लाट वरून आली की एक भुजा अगदी कणभर लांब होते तेव्हा दुसरी आखूड, मग उलट. आठ पोरांनी हात धरून गोल करायचा आणि समोरासमोरच्या दोघांनी बाहेर सरकायचं, काटकोनातल्या दोघांनी आत यायचं, मग उलट. औंढ्याच्या शाळेतली पोरं हे करतील तेव्हा आपल्या शेजारी काय बांधतायत ते त्यांना कळलेलं असंल.

खगोलशास्त्राबाबत तर आपल्याच राज्यात काम झालंय. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी २०११ मधे छापलेल्या अभ्यासात ठरवून तयार केलेले हातवारे वापरले, हातात धरायचं मॉडेल आणि कागदावरची आकृती यांना जोडायला. घरी करून बघण्यासारखा प्रकार सांगतो. अंधाऱ्या खोलीत एक बल्ब म्हणजे सूर्य, आपलं डोकं म्हणजे पृथ्वी, नाक म्हणजे आपलं गाव. डावीकडं हळूहळू वळायचं. बल्ब डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून उगवतो, समोर आला की दुपार, उजव्या कोपऱ्यात मावळतो. दोन्ही हात पसरा, डावा पूर्व, उजवा पश्चिम.

आता नेहमीचा प्रश्न, सर एवढा वेळ कुठंय? लातूर पॅटर्न म्हणा नाहीतर कुठलाही क्लास, सिलॅबस धावत असतो हे मी जाणतो. वरचं सगळं करायची गरज नाही. एकच करा. पोरगं अडलं की उत्तर सांगू नका, "बोलू नको, हातानं दाखव" म्हणा, आणि त्याच्या हातानं जे दाखवलं त्याला तुम्ही शब्द द्या, "हे तू दाखवलंस ना, याला टॉर्क म्हणतात." अर्धा मिनिट लागतो.

आणि पोरांनो, हे परीक्षेत पण चालतं. नीटला १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यात दिशेचे प्रश्न येतातच. क्रॉस प्रॉडक्ट आला, चुंबकीय क्षेत्र आलं, तर डोक्यातल्या डोक्यात फिरवत बसू नका. पेन बाकावर ठेवा, उजवा हात मोकळा करा, बोटं लावून बघा आणि मगच पर्याय भरा.